प्रभूची पंगत आणि घरची पंगत

ख्रिस्ती श्रद्धेचा विचार मराठीत बहुधा धर्मांतराच्या अंगाने झालेला आहे. कोण ख्रिस्ती झाला, कोणाच्या प्रभावाने झाला, त्याने काय सोडले आणि समाजाने त्याला कसे सोडले, याची चर्चा एकोणिसाव्या शतकापासून पुष्कळ झाली. परंतु बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या घरात पाणी कोणी भरले, चुलीपुढे कोण बसले आणि जेवायला कोण कोणाच्या शेजारी बसले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याच्या संस्काराने ख्रिस्ताच्या मंडळीत होणारा प्रवेश, आणि मंडळी म्हणजे वीट-चुन्याचे देऊळ नव्हे, तर एकत्र प्रार्थना करणाऱ्या श्रद्धावंतांचा समुदाय. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. पिण्याचे पाणी मात्र दिवसातून दहा वेळा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवनाची खरी परीक्षा या दुसऱ्या पाण्यावर झाली, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

रत्नागिरीत, मांडवीच्या किनाऱ्यावर, हा विषय मांडण्यास एक सबळ कारण आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आणि भक्तीचे अग्रणी कवी नारायण वामन टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात जन्मले. पंगतीचा प्रश्न तर या शहराला अधिकच परिचित आहे. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी येथे सहभोजने घडवून आणली आणि भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. त्या चळवळीचा हेतू हिंदू समाजाच्या संघटनेचा होता आणि टिळकांचा हेतू वेगळा होता. तथापि माणसे शेजारी बसून जेवत नाहीत तोवर त्यांच्यातील बंधुभाव तोंडदेखलाच राहतो, हे दोन्हीकडे ओळखले गेले होते.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील पहिले मोठे वाद हे तत्त्वज्ञानाचे नसून पंगतीचे होते, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र हा प्रेषित याफो गावी समुद्रकाठी शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरलेला आहे; मराठी भाषांतराने या शिमोनाला चांभार म्हटले आहे, आणि त्या एका शब्दाने सगळा प्रसंग कोकणातल्या एखाद्या गावात येऊन उभा राहतो. तेथे घराच्या गच्चीवर प्रार्थना करीत असता, ज्या प्राण्यांना तो जन्मभर अशुद्ध मानीत आला ते खाण्याची आज्ञा देणारा दृष्टान्त त्याला होतो, आणि त्यानंतर तो परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, कर्नेल्याच्या घरी जातो. पुढे हाच पेत्र अंत्युखियात परजातीयांच्या पंगतीला बसत असताना काही कर्मठ मंडळी आल्याबरोबर मागे सरतो, आणि प्रेषित पौल त्याला सर्वांसमक्ष दोष देतो. ही हकीकत गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात आलेली आहे. दृष्टान्त पाहिलेला माणूसही चार लोक पाहत आहेत म्हटल्यावर पंगतीतून उठतो, हे त्या धर्मग्रंथाने झाकून ठेवलेले नाही.

करिंथच्या मंडळीतला दोष निराळा होता. तेथे प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताने आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून सर्वांनी वाटून घेण्याचा विधी. अशा प्रकारे घेतलेले ते प्रभूचे भोजनच नव्हे, असा पौलाचा निर्णय आहे. नव्या करारात प्रेमासाठी येणारा ‘अगापे’ हा ग्रीक शब्द मराठी बायबलने ‘प्रीती’ असा आणला. मराठीत या शब्दाला एक कोवळी, भावनेची छटा आहे, मुळात मात्र तो मनाच्या उमाळ्यापेक्षा वागण्याकडे अधिक झुकतो; ज्याच्याविषयी आपोआप ओढ वाटत नाही त्याच्याशीही त्याच्या हिताचे वागणे, असा त्याचा आशय आहे. करिंथच्या पंगतीत गाणी असतील, अश्रूही असतील. पण पलीकडचा माणूस उपाशी होता.

या पार्श्वभूमीवर टिळकांच्या घराकडे वळावे. त्या घराचे जेवढे जवळून दर्शन मराठीला घडले तेवढे कोणत्याही दुसऱ्या ख्रिस्ती घराचे घडलेले नाही, कारण त्या घरातील गृहिणीने, लक्ष्मीबाई टिळक यांनी, ते सर्व लिहून ठेवले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याची वाङ्मयीन थोरवी सर्वमान्य आहे. मात्र ख्रिस्ती आचारधर्माचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक ग्रंथ म्हणून त्याचे वाचन अद्याप व्हावे तितके झालेले नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले कुटुंबात झाला. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की, बाजारातून आलेली जिन्नसही पाण्यातून निघाल्याखेरीज घरात चालेना. लहानपणी विटाळाची जी भीती अंगात भिनते ती विचाराने घातलेली नसते, म्हणून ती केवळ विचाराने जातही नाही. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन ही मुलगी अशा पुरुषाच्या घरात आली, ज्याला घर म्हणजे काय याचा पत्ता नव्हता, हातात आलेला पैसा राखणे ज्याला ठाऊक नव्हते आणि मनात आले की न सांगता निघून जाण्याची ज्याला सवय होती. तिला लिहायला-वाचायला शिकवले ते याच नवऱ्याने. लेखणी हाती आली ती त्याच्यामुळे, आणि त्या लेखणीला विषय झाला तोही तोच.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचण्यास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात घेऊन हे पाऊल पडले नव्हते. ज्या धर्माचे सार प्रीती आहे असे टिळकांना मनोमन पटले होते, त्या धर्मात प्रवेश करताना सर्वांत निकटच्या माणसावर त्यांनी वज्राघात केला. त्या काळात नवरा बाटला म्हणजे बायको धड सौभाग्यवती नाही आणि धड विधवाही नाही, अशा अवस्थेत राही. लहान मुलगा दत्तू याला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरात राहिल्या आणि ही ताटातूट चार-पाच वर्षे टिकली. टिळकांच्या चरित्रकारांनी हा भाग त्यागाच्या भाषेत सांगितला आहे. त्याग खराच होता, परंतु त्याची किंमत मुख्यतः दुसऱ्याने मोजली, ही गोष्ट त्या भाषेत झाकली जाते. श्रद्धेच्या आवेगात जवळच्या माणसाचा विसर पडणे हा धार्मिक जीवनातील फार जुना दोष आहे, आणि तो थोरांना अधिक जडतो.

तथापि टिळकांची ख्रिस्तनिष्ठा दिसते ती या आवेगात नव्हे, तर त्यानंतरच्या वर्षांत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात असे बजावले आहे की, पती किंवा पत्नी यांपैकी एकानेच श्रद्धा स्वीकारली असेल आणि दुसरे माणूस नांदण्यास तयार असेल तर त्याला सोडू नये. टिळकांपुढे दुसऱ्या लग्नाचा मार्ग होता; तो त्यांनी धरला नाही. पत्नीची वाट पाहणे, तिला पत्रे लिहीत राहणे, आणि अहमदनगरला ती आल्यावर तिचे सोवळे, तिचा आहार, तिचे देव यांना धक्का न लावता एका छपराखाली राहणे, हे त्यांनी केले. स्वभावाने उतावळ्या आणि तापट असलेल्या माणसाच्या बाबतीत ही प्रतीक्षा साधी नव्हती. गावोगाव कीर्तने करून ख्रिस्ताचे नाव सांगणारा हा माणूस आपल्या स्वयंपाकघरात मात्र प्रचारक झाला नाही. ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणजे पात्रता न पाहता मिळणारे, आणि म्हणूनच जबरदस्तीने देता न येणारे दान. ते कृपातत्त्व टिळकांच्या पुष्कळ अभंगांत आहे, परंतु त्याचा सर्वांत खरा उच्चार या राखलेल्या मौनात झाला.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन ज्या क्रमाने घडले तो क्रम फार महत्त्वाचा आहे. त्या आधी ख्रिस्ती झाल्या आणि मग त्यांनी जात टाकली, असे नाही. जात आधी गेली. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना एकदा आतून उमगले आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. येथे क्षणभर थांबून त्या पाण्याच्या भांड्याकडे पाहिले पाहिजे. ज्या बाईच्या माहेरी सावलीचाही विचार होत असे, तिच्यासमोर दुसऱ्याच्या घरचा पेला आला. पेला घासलेला, पाणी स्वच्छ, देणारा हात मायेचा. तरी घशाखाली ते पाणी उतरण्यापूर्वी बापाचे अवघे आयुष्य, मामंजींचा दरारा, पंढरपूरचे शेजारी, हे सगळे त्या पेल्यात डोकावून गेले असणार. जो हे प्यायला त्याला धर्मशास्त्राचे पुढचे धडे सोपे गेले असल्यास नवल नाही. कित्येक विद्वान ख्रिस्ती झाले, त्यांनी हिंदू धर्माच्या खंडनाचे ग्रंथ लिहिले, पण शेजारच्या वस्तीतून आलेल्या ख्रिस्ती बांधवाच्या घरी जेवताना त्यांचा हात अडखळत राहिला. लक्ष्मीबाईंनी ग्रंथापूर्वी घास उचलला.

हा फरक अहमदनगरच्या परिसरात अधिक ठळक होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले; तेथील मंडळीत महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या सुमारास, पोरक्या मुलांनी मिशनची वसतिगृहे भरून गेली. अशा ठिकाणी ब्राह्मण घरातून आलेल्या बाईने बहीण म्हणून वावरणे याचा अर्थ व्यासपीठावरून बंधुत्व सांगणे नव्हता. उवा झालेल्या मुलीचे डोके मांडीवर घेऊन विंचरणे, तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणे, आणि आपल्या मुलाच्या ताटातले त्याच्या ताटात वाढणे, असा त्याचा अर्थ होता. नव्या करारात ‘कोइनोनिया’ हा जो ग्रीक शब्द येतो त्याचे मराठी रूप ‘सहभागिता’ असे झाले. शब्द जड आहे. पण त्याचे साधे मराठी भाषांतर टिळकांच्या घरात रोज होत होते.

पतीने केलेल्या जखमेचे लक्ष्मीबाईंनी काय केले, हाही प्रश्न विचारला पाहिजे, कारण क्षमा हा ख्रिस्ती आचाराचा गाभा समजला जातो. क्षमा म्हणजे विसरणे अशी समजूत रूढ आहे. ‘स्मृतिचित्रे’ ती खोडून काढते. लक्ष्मीबाई काही विसरलेल्या नाहीत. टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचे न सांगता जाणे, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणे, त्यांचा राग, हे सर्व त्यांनी जसेच्या तसे आणि पुष्कळदा हसत सांगितले आहे. त्या हसण्यात कडवटपणा नाही आणि लाचारीही नाही. स्वतःच्या वेडेपणाची हकीकतही त्यांनी त्याच मोकळेपणाने सांगितल्यामुळे वाचकाला कोणाचा न्यायनिवाडा करण्यास जागाच उरत नाही. हिशेब खरा ठेवून देणे माफ करणे, ही क्षमेची त्यांनी दाखवलेली रीत उपदेशातील क्षमेपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह आहे, आणि ज्यांना घरातील माणसाने दुखावले आहे त्यांच्या ती अधिक उपयोगी पडणारी आहे.

घरच्या पंगतीचा हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनी संस्थेच्या पातळीवर हाताळला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तरी मांसाहार स्वीकारला नाही आणि धर्मगुरूंच्या आज्ञेपुढे विवेक गहाण ठेवला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या आणि पुढे पुण्यास नेलेल्या शारदा सदनात हिंदू विधवांना आपापला आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. अडचण एवढीच होती की, रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत आणि एखादी मुलगी येऊन बसली तर तिला हाकलून देत नसत. यावरून १८९३ साली मोठे वादळ झाले, सल्लागार मंडळातील रानडे-भांडारकरांसारखी मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती समजण्याजोगी होती, कारण आश्रितावर पडणारा प्रभाव आणि सक्ती यांतील रेषा बारीक असते. परंतु आपल्याच घरात आपली श्रद्धा चोरून पाळावी, ही अपेक्षाही न्यायाची नव्हती. याच सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी, देवरुखच्या गोदूबाई जोशी, त्याच वर्षी मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या आणि आयुष्यभर हिंदूच राहिल्या. कोकणातल्या दोन गावांना जोडणाऱ्या त्या ऐतिहासिक संसाराला आधार एका ख्रिस्ती बाईच्या घराने दिला होता, ही नोंद रत्नागिरी जिल्ह्याने जपून ठेवण्यासारखी आहे.

टिळकांच्या घराचे दारही असेच उघडे होते. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले, तेथे त्यांनी कविता केल्या, रुसवेफुगवे केले. त्यांचा बाप्तिस्मा झाला नाही आणि त्यावाचून त्यांच्यावरचा जीव कमीही झाला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत असत. ज्याला आपला पूल आठवतो तो दुसऱ्याच्या पायाखालचा पूल काढून घेत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी सेवेतून मोकळे होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त भावंडांप्रमाणे एकत्र यावेत अशी कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि तो दरबार पुढे वाढला नाही. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य मात्र लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि ज्या बाईला जोडाक्षरे वाचताना घाम फुटत असे तिने त्यात ६४ अध्यायांची भर घातली. पतीच्या ज्या श्रद्धेने एकदा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे अपुरे राहिलेले काम स्वतःच्या हाताने पुढे नेणे, यात कर्तव्य किती, प्रेम किती आणि स्वतंत्र भक्ती किती, याची वाटणी करणे शक्य नाही.

मराठी ख्रिस्ती समाजात आज रोटीव्यवहाराचा प्रश्न जवळजवळ उरलेला नाही. प्रभुभोजनाच्या प्याल्यापाशी कोणी कोणाची जात विचारीत नाही. नाताळात करंज्या आणि अनारशांची ताटे शेजारपाजारी सर्व धर्मांच्या घरी जातात आणि दिवाळीत तेथून फराळ येतो. बेटीव्यवहाराची गोष्ट वेगळी आहे. मुलगी दाखवण्याच्या बैठकीत प्रार्थना होते, टिळकांचेच एखादे गीत म्हटले जाते, चहाच्या कपबशा फिरतात, मुलाच्या नोकरीची आणि मुलीच्या शिक्षणाची चौकशी होते. मग घरातले कोणी वडीलधारे माणूस कप खाली ठेवते आणि सहज विचारल्यासारखे विचारते, ‘तुम्ही मूळचे कोणत्या गावचे, आणि पूर्वीचे आडनाव काय?’ त्या प्रश्नाचा रोख दोन्ही पक्षांना कळतो, आणि उत्तर येईपर्यंत खोलीत जी शांतता पसरते ती त्या बैठकीच्या आरंभी झालेल्या प्रार्थनेच्या शांततेहून फार निराळी असते.